<?= वापरू नका म्हणे!

पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत टेम्पलेट (पानाचा साचा) लिहिताना <?= हा थेट पानावर छापणारा छोटा टॅग वापरू नये, प्रत्येक वेळी पूर्ण टॅग (<?php) उघडून एको ही छापायची आज्ञा लिहावी, नाहीतर सर्व्हर बदलला की साइट कोसळते, हा सल्ला अजूनही नव्या मुलांच्या गळी उतरवला जातो. एकेकाळी तो खरा होता. पीएचपी 5.4च्या आधी <?= चालणं सर्व्हरवरच्या 'शॉर्ट ओपन टॅग' या सेटिंगवर अवलंबून असे. मार्च 2012मध्ये 5.4 आली आणि तो संबंध तुटला. सेटिंग बंद असली तरी <?= चालतोच.

गोंधळ होतो तो त्याच्या भावंडामुळे, म्हणजे नुसत्या <? मुळे. हा आजही सेटिंगच्या मर्जीवर आहे. सेटिंग बंद असेल तर त्यातला कोड चालत नाही, साधा मजकूर समजून जसाच्या तसा ब्राउझरकडे जातो. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असेल तर बघायलाच नको. सेटिंग चालू असेल तर दुसरीच अडचण: एक्सएमएल फाइलची पहिली ओळसुद्धा <? ने सुरू होते, आणि पीएचपी तिलाच कोड समजून अडखळते. म्हणून पीएचपी कोड कसा लिहावा हे सांगणारं पीएसआर-1 हे प्रमाण फक्त पूर्ण टॅग आणि <?= या दोघांनाच परवानगी देतं.

वेगाचा मुद्दा तर सोडूनच द्या. <?= $नाव ?> लिहा किंवा लांबलचक एको, पीएचपीच्या आत त्यातून यंत्रासाठीची सूचना एकच तयार होते.

खरी काळजी वेगळीच. <?= काहीही एस्केप करत नाही, म्हणजे मजकुरातली < सारखी खास चिन्हं निरुपद्रवी करत नाही. वापरकर्त्याने भरलेलं नाव एचटीएमएल-स्पेशल-कॅरॅक्टर्स फंक्शनमधून न काढता छापलंत, तर टॅग कुठलाही असो, त्यात दडवलेली स्क्रिप्ट पानात घुसू शकते.