रेझरवरचे १९०४ हे त्याचे जन्मवर्ष नव्हे

जुने दाढीचे रेझर जमवणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे: जिलेटच्या रेझरवर १५ नोव्हेंबर १९०४ ही तारीख दिसली, की तो त्याच वर्षी बनला. हे खरे नाही. ती तारीख कंपनीचे संस्थापक किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत पेटंट मिळाल्याची आहे आणि पुढेही अनेक वर्षे ती रेझरवर उमटवली जात होती. त्यातच पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर पुरवले गेले. तेव्हा केवळ या तारखेमुळे रेझर दुर्मीळ ठरवून चढी किंमत मागणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्याला तेवढे पैसे देण्याचे कारण नाही.

सुरुवातीच्या रेझरचे वर्ष अनुक्रमांकावरून अदमासता येते. १९५० च्या दशकापासूनच्या अमेरिकी रेझरवर मात्र अक्षर आणि अंक अशी खूण असते: 'ए' म्हणजे १९५५, 'ई' म्हणजे १९५९, आणि सोबतचा १ ते ४ हा अंक तिमाहीचा. छंदाचे व्यसन होते ते नेमके इथे, कारण एकेक अक्षर पुरे करण्याच्या नादात हुबेहूब सारखे दिसणारे चार रेझर घरात येतात आणि दाढी मात्र एकानेच होते. (हे अनुभवाचे बोल आहेत.)

पैसे भरण्यापूर्वी रेझरच्या डोक्याच्या (पाते बसते त्या भागाच्या) खालच्या बाजूचे आणि दांड्याचे जवळून काढलेले फोटो मागावेत. जुन्या पोकळ दांड्याला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि ती दुरून काढलेल्या फोटोत दिसत नाही.