मोल्ड केलेला बूट आणि मापाचा बूट

स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या पालकांकडून हे वारंवार ऐकते : "आम्ही कस्टम बूट घेतले, दुकानात गरम करून पायावर बसवून दिले." गरम करून बसवतात, म्हणजे मोल्ड करतात, तो तयार बूट असतो. कस्टम बुटाचं चामडं तुमच्या पायाची मापं कारखान्यात पोचल्यावर कापायला घेतात. एक रेडिमेड ब्लाउज उसवून अंगावर बसवलेला, दुसरा मापाचा शिवलेला. मुंबईत फिगर स्केटिंगचे, म्हणजे उड्या-गिरक्यांच्या स्केटिंगचे बूट हाताळून घ्यायची सोय मुळातच कमी, त्यामुळे हा घोळ आपल्याकडे फार होतो आणि महागात पडतो.

सगळा फरक फर्म्याचा आहे. कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या कुठल्याही बूट-कारागिराला विचारा, बूट ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर ओढून बनवतात तो फर्मा. जॅक्सन, रीडेल, एडिया, रिस्पोर्ट या कंपन्यांचे फर्मे वेगवेगळे. म्हणून एकीचा बूट मुलीला चपखल बसतो आणि त्याच लांबीचा दुसरीचा टाचेत सैल पडतो. तयार बूट भट्टीत गरम केला की त्याचं अस्तर आणि आतला फोम नरम होतो. मग पाय घालून, लेस बांधून, तो थंड होईपर्यंत बसून राहायचं. घोट्याचं हाड, करंगळीची बाजू आपापली जागा करून घेतात. काम चांगलं आहे, आणि बहुतेक मुलांना तेवढंच पुरतं. पण मोल्डिंग जागा करून देतं, जास्तीची जागा भरून काढत नाही. लांबी तर बदलतच नाही. टाचेची खोबण मुळात रुंद असेल तर कितीही गरम करा, ती पायाला घट्ट धरणार नाही.

माझ्याकडे एका ओळखीच्या मुलीचे बूट आले होते, 'कस्टम' म्हणून विकलेले. आत हात घातला तर टाचेमागचं अस्तर घासून गुळगुळीत झालं होतं, आणि तळाशी एकावर एक दोन इनसोल. मुलगी चवड्यावर उभी राहिली की टाच आत उचलली जायची. लेस इतकी आवळायची की पायावर वळ उठायचे. बूट चांगल्या कंपनीचा होता, नवाही होता. फक्त रुंदीचं अक्षर (कंपन्या बुटाची रुंदी अक्षराने दाखवतात) चुकलं होतं, आणि विकणाऱ्याने ती चूक मोल्डिंगखाली झाकली होती. तिला कस्टम बुटाची गरजच नव्हती. त्याच मॉडेलमध्ये अरुंद रुंदीचा बूट मिळाला असता तर काम झालं असतं.

तयार आणि पूर्ण कस्टम या दोन्हींच्या मधे आणखी एक प्रकार आहे, आणि घोळ वाढतो तो इथेच. फर्मा कंपनीचाच, पण डावा-उजवा वेगवेगळ्या नंबरचा, किंवा चवड्याला रुंद आणि टाचेला अरुंद, किंवा घोट्याशी जादा गादी. याला सेमी-कस्टम म्हणतात. चपला-सँडलमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांचे पाय मी पाहते, त्यांत बोटांकडे पसरट आणि टाचेला बारीक असे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी हा मधला मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पूर्ण कस्टमची गरज खरोखर कुणाला? दोन पायांत मोठा फरक असेल, टाचेमागे हाडाची गाठ असेल, पायाची वरची बाजू इतकी उंच असेल की कुठल्याच तयार बुटाची लेस नीट मिटत नाही, आणि मोल्डिंग किंवा पंचिंग (टोचणारी जागा आतून दाबून फुगवणं) करूनही दुखणं थांबत नसेल, तर. कॅलिफोर्नियातल्या हारलिकसारख्या कंपन्या असे बूट मापावरून बनवतात. त्याला आठवडे लागतात, वर परदेशातून येण्याचा वेळ आणि आयात शुल्क. भराभर पाय वाढत असलेल्या मुलीसाठी तो खर्च करू नका असं मी आई-वडिलांना स्पष्ट सांगते. बूट हातात येईपर्यंत पाय पुढे गेलेला असतो आणि मापाचा बूट सहसा परत घेत नाहीत.

माप मात्र दोन्हींना लागतं, आणि ते घेण्यात हयगय नको. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि मुंबईच्या उकाड्यात जास्तच. लादीवर कागद ठेवा, सतरंजीवर नको. मुलीने दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून समोर बघत उभं राहायचं. स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, वाकलं की पाय पसरतो. पेन्सिल अगदी उभी धरून कडेने फिरवा. आत कलली तर पाय लहान दिसतो, बाहेर कलली तर मोठा, आणि तेवढ्यानेही रुंदी बदलते. मग टेपने घेर : चवड्याचा, पायाच्या मधला, टाचेपासून वरच्या वळणापर्यंतचा तिरपा, घोट्याच्या वरचा. टेप टेकवायची, आवळायची नाही. स्केटिंगला जे पातळ मोजे किंवा टाइट्स घालते तेच पायात हवेत. दोन्ही पाय मोजायचे, आणि हाड कुठे वर आलंय, कुठे जुनी जखम आहे ते कागदावर खूण करून लिहायचं. प्रत्येक कंपनीचा मापाचा फॉर्म वेगळा असतो, तोच वापरा.

नंबराची एक गफलत सांगितलीच पाहिजे. आपल्याकडच्या बुटांवर साधारणपणे ब्रिटिश नंबर असतो, जॅक्सन आणि रीडेल अमेरिकन नंबर धरतात, एडिया मिलिमीटरमध्ये मोजते. शिवाय स्केटचा बूट रोजच्या बुटापेक्षा सहसा लहान लागतो. त्यामुळे शाळेच्या बुटाचा नंबर फोनवर सांगून ऑर्डर देणं म्हणजे पैसे पाण्यात.

बूट आला की परीक्षा एकच, तयार असो वा कस्टम. टाच मागे आपटून बसवा. लेस बोटांकडे हलकी, घोट्याच्या वळणावर घट्ट, वरच्या हुकांवर पुन्हा जराशी सैल. उभं राहिल्यावर बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागे सरली पाहिजेत. चवड्यावर उठल्यावर टाच हलता कामा नये. लेसच्या दोन्ही बाजू जवळजवळ एकमेकींना भिडल्या तर बूट रुंद आहे. वाढत्या मुलांसाठी लेस सोडून पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक पेन्सिल बसेल एवढीच जागा ठेवा. पुढच्या वर्षी होईल म्हणून दोन नंबर मोठा घेतलेला बूट घोट्याला आधार देत नाही.

कडकपणा हा वेगळाच विषय आहे, तो कस्टमशी जोडू नका. तो मुलीच्या वजनावर आणि ती कुठल्या उड्या मारते त्यावर ठरतो. एकेरी उडी (हवेत एकच गिरकी) शिकणाऱ्या मुलीला तिहेरी उडीचा (तीन गिरक्यांचा) कडक बूट दिला तर घोटा वाकतच नाही, आणि गुडघे वाकवून उतरायची सवयही लागत नाही.

आपली बरीच मुलं बिल्डिंगच्या आवारात रोलरवर शिकतात आणि बर्फासाठी देहरादून-गुरुग्राम गाठतात. रोलरच्या बुटाला ब्लेडऐवजी चाकांची प्लेट येते, पायाच्या मापाची पद्धत तीच. पावसाळ्यात मात्र चामड्याचे बूट बॅगेत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. ब्लेड पुसून कोरडी करून मगच गुंडाळा.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा : फर्मा कंपनीचा की माझ्या मापाचा? हा मापाचा कागद कुठे जाणार? डावा-उजवा वेगळा करणार का? आणि ब्लेड लगेच पक्की बसवायला देऊ नका. आधी घरात लेस बांधून फिरू द्या, मग मोजके स्क्रू लावून तात्पुरती बसवा आणि काही सराव होऊ द्या. सगळी भोकं पाडली की तयार बूटसुद्धा दुकानदार परत घेत नाही.