स्कायरॉकेटच्या पोटाखालचं भोक

या मॉडेल विमानाचं खोकं उघडलं की लगेच जोडणीला बसू नका. आधी धडाचा खालचा भाग हातात घ्या आणि उलटा करून पाहा. पंखांच्या मागे, पोटाला, एक लांबट भोक दिसेल. ते पाहून बरेच ग्राहक आम्हाला फोन करतात, "साचा चुकलाय का?" चुकलेला नाही. या विमानाची सगळी गंमत त्या भोकातच आहे, म्हणून हे पत्रक.

हे मॉडेल डग्लस कंपनीच्या डी-५५८-२ स्कायरॉकेटचं आहे. अमेरिकी नौदल आणि नासाच्या आधीची संस्था नॅका यांच्यासाठी अशी तीन विमानं बांधली गेली. डग्लसच्याच त्याआधीच्या स्कायस्ट्रीक विमानात एकच जेट इंजिन होतं. हवा नाकातून आत यायची, झोत शेपटीतून बाहेर पडायचा, मामला सरळ. बेल कंपनीच्या एक्स-१ विमानात तर नुसतं रॉकेट. रॉकेट आपला ऑक्सिजन बरोबरच नेतं, त्यामुळे हवेसाठी तोंडच लागत नाही. पण त्याचं इंधन काही मिनिटांतच संपतं.

स्कायरॉकेटला दोन्ही हवं होतं. जमिनीवरून उडायला आणि परत यायला जेट, वेगाच्या चाचणीला रॉकेट. स्कायस्ट्रीकच्या धडात हे दोन्ही मावेना, म्हणून नवं धड आखावं लागलं. रॉकेटला चार ज्वलनकक्ष होते. अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर ते मिळून सुमारे २,७०० किलोचा रेटा देत. शेपटीचं टोक त्यांनी अडवलं. मग जेटचा झोत जाणार कुठून? पोटाखालून. हवा आत घेणारी दोन तोंडं पुढे, धडाच्या दोन्ही बाजूंना आली. पंख इतके पातळ की चाकंसुद्धा धडातच मिटायची. आत किती दाटी असेल याचा अंदाज सोबतच्या कापीव आकृतीवरून येईल.

४ फेब्रुवारी १९४८ ला पहिलं स्कायरॉकेट नुसत्या जेटवर उडालं. जेटचा रेटा जेमतेम १,३६० किलो. धावपट्टी सोडताना धडाला लावलेल्या छोट्या मदतनीस रॉकेटांचा आधार घ्यावा लागे. आमच्या मते, ही मांडणी बुद्धीची होती, पण ओझं फार होतं. पुढे तिघांपैकी दुसऱ्या विमानातलं जेट काढलं, त्या जागी रॉकेटचं इंधन भरलं आणि विमान बी-२९ या मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखालून आकाशात सोडायला सुरुवात झाली. त्याच स्कायरॉकेटमधून नॅकाचे चाचणी वैमानिक स्कॉट क्रॉसफील्ड यांनी २० नोव्हेंबर १९५३ ला ध्वनीच्या दुप्पट वेग गाठला, जगात पहिल्यांदा. त्या दिवशी विमानाला मेण लावून चकचकीत केलं होतं आणि जास्त इंधन मावावं म्हणून अल्कोहोल थंड करून भरलं होतं.

आता तुमच्या जोडणीचं. क्रॉसफील्डचं विमान करायचं असेल, तर पोटाचं भोक आणि बाजूची दोन्ही तोंडं बुजवा. त्यासाठी छोट्या पिशवीत तीन झाकणं दिली आहेत. झाकण बसल्यावर फटीत पुट्टी भरा, रात्रभर वाळू द्या आणि बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर पुन्हा घासा, कारण पांढऱ्या रंगाखाली फट लगेच उठून दिसते. १९४८ चं पहिलं विमान करायचं असेल तर झाकणं बाजूला ठेवा आणि भोकाच्या आतल्या कडेला काळपट राखाडी रंगाचा एक पातळ हात द्या.