बुडालेलं जहाज: समुद्रातलं वेगळं, सरोवरातलं वेगळं

गोव्याजवळ समुद्रात सुंची रीफ नावाचा खडकाळ भाग आहे. सतराव्या शतकात तिथे एक पोर्तुगीज जहाज फुटलं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे पाण्याखाली शोध घेतला, तेव्हा लोखंडी तोफा, नांगर, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत, अगदी पाणघोड्याचे दातसुद्धा मिळाले. ज्या लाकडाच्या पोटात हा सगळा माल भरला होता, त्या लाकडाचा उभा सांगाडा मात्र तिथे नाही.

आता अमेरिकेतलं मिशिगन सरोवर बघा. राउज सिमन्स हे तीन डोलकाठ्यांचं लाकडी गलबत ख्रिसमसची झाडं घेऊन शिकागोला निघालं होतं. 23 नोव्हेंबर 1912 ला ते वादळात बुडालं आणि 1971 मध्ये सुमारे 50 मीटर खोलीवर सापडलं. लाकडी सांगाडा जागेवर होता. मालाच्या कोठारात झाडं रचलेली होती, आणि त्यातल्या काहींच्या फांद्यांना सुयांसारखी पानं तेव्हाही चिकटलेली होती.

या दोन्ही ठिकाणी बुडालेलं जहाज बघायला पाण्याखाली जाण्याला आपण ‘रेक डायव्हिंग’च म्हणतो. तारकर्लीला किंवा गोव्यात शिकलेला, पुढे नोकरीनिमित्त टोरंटो-शिकागोकडे गेलेला डायव्हर साहजिकच समजतो, की तेच काम आहे, फक्त पाणी गोडं आणि जरा गार. माझं म्हणणं असं, की बघायला मिळणारी गोष्टच इथे वेगळी असते आणि डायव्हरला असलेला धोकाही वेगळा असतो.

समुद्र जहाज खातो. लाकूड पोखरणाऱ्या शिपवर्मला किडा समजतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला जीव आहे. डोक्याकडच्या दोन छोट्या शिंपल्यांनी तो लाकडात बोगदे पाडत जातो आणि काही वर्षांत जाड फळीची चाळण करून टाकतो. वाळूत किंवा चिखलात गाडलेलं तेवढं लाकूड वाचतं. हा जीव मुख्यतः खाऱ्या पाण्यात जगतो, उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत (मिशिगन, ह्युरॉन, सुपीरियर वगैरे पाच मोठ्या सरोवरांत) तो नाही. लोखंडाचं म्हणाल, तर खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे गंजण्याची रासायनिक क्रिया तिथे वेगाने होते. गोड्या पाण्यातही लोखंड गंजतं, पण कितीतरी सावकाश.

समुद्र जे खातो त्याच्या बदल्यात काही देतोही. तांबड्या समुद्रातलं थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज 6 ऑक्टोबर 1941 ला जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडालं. 30 मीटरवरच्या त्याच्या कोठारांत लष्करी ट्रक आणि मोटरसायकली अजून ओळखू येतात, पण जाणाऱ्याची नजर खिळते ती पत्र्यांवर वाढलेल्या प्रवाळावर आणि भोवतीच्या माशांच्या थव्यांवर. सिंधुदुर्गात निवती रॉकच्या परिसरासाठी आयएनएस गुलदार या निवृत्त युद्धनौकेचा प्रकल्प आखला गेला, त्यामागेही हाच हिशेब आहे: जहाज तळाला बसवायचं, म्हणजे त्यावर जीव वाढतील आणि मासे येतील. समुद्रात जहाजाचा हळूहळू खडक होतो आणि आपण त्या खडकावरचं जग बघायला जातो.

सरोवरात प्रवाळ नाही, रंगीत मासे नाहीत. तिथे बघायचं ते जहाजच. कॅनडात ह्युरॉन सरोवराच्या काठी टोबरमोरी गावाच्या बंदरात स्वीपस्टेक्स नावाचं दोन डोलकाठ्यांचं गलबत आहे. 1867 मध्ये बांधलेलं, 1885 मध्ये बुडालेलं. 36 मीटर लांबीचा हा लाकडी सांगाडा जेमतेम सहा मीटर पाण्यात बसलाय. नाळेकडे गेलात की नांगराची साखळी ओढायचा आडवा रहाट दिसतो, जिथे बसवला होता तिथेच. थोडं पुढे कठड्याचा भाग, मग डेकच्या फळ्या. सुतारकामाची थोडी जरी आवड असेल, तर फळीला फळी कशी जोडलीय हे डोळे भरून बघून घ्यावं. त्या काळातलं असं गलबत पाण्याबाहेर सहसा बघायला मिळत नाही.

मात्र अशा जहाजाच्या आत शिरण्याचा मोह टाळावा. डायव्हरने सोडलेले बुडबुडे डेकच्या खालच्या बाजूला साठतात आणि फळ्यांना वर रेटत राहतात. सव्वाशे-दीडशे वर्षं टिकलेले सांधे अशाने सैल होतात. शिवाय सरोवरात भरती-ओहोटी नावापुरतीच. आतला बारीक गाळ एकदा पायाच्या फटक्याने उठला, की तो वाहून न्यायला प्रवाह नसतो. परतीची वाट दिसेनाशी होते.

आता थंडी. गोडं पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून खोल सरोवराच्या तळाशी बाराही महिने पाणी त्याच्या आसपास राहतं. ऑगस्टमध्ये वर पोहता येण्याइतकं उबदार पाणी असतं, आणि खाली जाताना एका पातळीनंतर अचानक चेहरा बधिर होतो. ही थर्मोक्लाइन. मालवणच्या पाण्यात तीन मिलिमीटरचा वेटसूट घालून तासभर फिरलेल्याला हा फरक कितीही सांगितला तरी पुरत नाही. इथे ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा सूट लागतो, आणि तो वापरायचं वेगळं शिक्षण लागतं.

थंडीचा खरा घाला पडतो तो टाकीतल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडापर्यंत पोचवणाऱ्या रेग्युलेटरवर, आणि माझ्या मते समुद्रातून सरोवरात येणाऱ्याने सगळ्यात आधी हीच गोष्ट समजून घ्यावी. टाकीतल्या हवेचा दाब 200 बारवरून एका झटक्यात दहाच्या आसपास येतो. हवा अशी प्रसरण पावली की प्रचंड गार होते, शून्याच्या बरीच खाली. भोवतीचं पाणी आधीच 4 अंशांचं आणि गोडं, म्हणजे शून्यालाच गोठणारं. समुद्राचं पाणी गोठायला उणे दोनच्या आसपास जावं लागतं, तेवढी सवलतही इथे नाही. रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, त्यात बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि हवा धो धो बाहेर पडू लागते. टाकी काही मिनिटांत रिकामी होते. म्हणून थंड पाण्यासाठी सीलबंद केलेला फर्स्ट स्टेज घ्यावा, दुसरा रेग्युलेटर स्वतंत्र फर्स्ट स्टेजवर ठेवावा, म्हणजे बिघडलेला बंद करून दुसऱ्यावर श्वास घेता येतो. पाण्यात उतरण्याआधी गार हवेत उगाच पर्ज बटण (हवा मोकळी सोडायचं बटण) दाबत बसू नये.

खाली जाण्यासाठी कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनांचा हिशेबही बदलतो. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. सामानासकट तुमचं आकारमान 100 लिटर असेल, तर तेवढ्याच साहित्यात सरोवरात कमरेला अडीच किलो शिसं कमी लागतं. पण हे वाचून गोव्यातलाच वेट बेल्ट हलका करून कोणी ह्युरॉनमध्ये उतरू नये. ड्रायसूट आणि आतले जाड कपडे हवा धरून ठेवतात, त्यामुळे एकूण शिसं बहुधा वाढतंच. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात तरंगून तपासावं.

खोलीच्या आकड्यात किरकोळ फरक पडतो, डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये गोड्या पाण्याचं सेटिंग असतं ते लावून घ्यावं. सुपीरियर सरोवर समुद्रसपाटीपासून 183 मीटरवरच आहे, त्यामुळे उंचावरच्या डायव्हिंगचे वेगळे नियम इथे लागत नाहीत.

थंड गोडं पाणी माणसांनाही जपतं, हे लिहायला जड जातं पण सांगायला हवं. कामलूप्स हे जहाज डिसेंबर 1927 मध्ये सुपीरियरमध्ये आइल रॉयल बेटाजवळ बुडालं आणि 1977 मध्ये सुमारे 80 मीटरवर सापडलं. त्याच्या इंजिनरूममध्ये एका खलाशाचं शरीर अजूनही आहे, चरबीचं मेणासारखं रूपांतर होऊन टिकलेलं. त्याचे फोटो काढून मिरवणं मला अजिबात मान्य नाही. 10 नोव्हेंबर 1975 ला याच सरोवरात बुडालेल्या एडमंड फिट्झगेराल्डवरचे सगळे 29 जण तिथेच राहिले. कुटुंबीयांच्या इच्छेनुसार 1995 मध्ये जहाजाची घंटा वर आणली आणि तिच्या जागी 29 नावं कोरलेली दुसरी घंटा बसवली. आता ऑन्टारिओ सरकारच्या परवान्याशिवाय तिथे कोणालाही उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

दोन प्रकारच्या जहाजांमधला हा फरक आता पुसट होऊ लागलाय. 1980 च्या दशकात मालवाहू जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (जहाज स्थिर ठेवायला टाक्यांत भरलेल्या पाण्यातून) झेब्रा आणि क्वाग्गा हे परके शिंपले पंचमहासरोवरांत आले. ते पाणी गाळून खातात, त्यामुळे व्हिजिबिलिटी वाढली आणि डायव्हर आधी खूश झाले. पण तेच शिंपले जहाजांवर थरावर थर चढवतात. कोरलेलं नाव, खिळ्याचं डोकं, फळीचा सांधा, सगळं त्याखाली जातं, आणि खरवडायला जावं तर लाकूडच निघून येतं. मिशिगन आणि ह्युरॉनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालंय. सुपीरियरच्या पाण्यात कॅल्शियम कमी असल्यामुळे शिंपल्यांना कवच बांधायला अवघड जातं, म्हणून तिथली जहाजं अजून बरीच उघडी आहेत. आइल रॉयलला 1928 मध्ये बुडालेल्या अमेरिका या प्रवासी जहाजाची नाळ तर पृष्ठभागाखाली हाताच्या अंतरावर आहे आणि मागचं टोक 25 मीटरच्या आसपास. ड्रायसूटचा सराव झाला असेल, तर पहिली मोठी सफर मी तिथलीच सुचवेन.