उजनीची पाइपलाइन, रायचूरची लाइन आणि कलम ७०

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चार्ज झाली आणि दक्षिणेचे ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडशी एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडले गेले. तोवर दक्षिणेशी विजेची देवाणघेवाण डीसी मार्गाने चालायची; असा एक दुवा आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आहे. डीसी दुव्यातून ठरवाल तेवढीच वीज जाते आणि एका बाजूची गडबड सहसा दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही. एसी लाइन आल्यावर तो आडोसा गेला. सोलापूरच्या सबस्टेशनमधल्या बिघाडाची झळ आता दूरच्या राज्यांना लागू शकते, आणि तिकडची इकडे. पुढे सोलापूरजवळ फताटेवाडीला औष्णिक विजेचे ६६० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले, त्यांचे पाणी उजनी धरणातून येते. शहराचे बहुतेक पाणीही उजनीचेच, आणि ते उपसायला वीज लागते. वीज, पाणी आणि दोन्ही चालवणारे संगणक यांची अशी गाठ फार थोड्या शहरांत इतकी उघड दिसते. म्हणून पायाभूत सुविधांच्या माहिती-सुरक्षेची चर्चा सोलापुरातून करणे रास्त आहे.

जुना काळ थोडक्यात. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याने ‘निषिद्ध ठिकाण’ ही कल्पना आणली. धरणावर ‘छायाचित्रणास सक्त मनाई’ असे फलक लागले, गेटवर बंदूकधारी आला, रजिस्टरमध्ये नाव-गाव लिहिणे सुरू झाले. सुविधा राखायची म्हणजे कुंपण राखायचे, एवढाच तेव्हाचा अर्थ होता आणि तो त्या काळाला पुरेसाही होता. १९७९ मध्ये मॉडबस हा यंत्रांमधला संवादाचा नियम आला. पीएलसीला, म्हणजे पंप-व्हॉल्व्ह चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, ‘अमुक रजिस्टरमध्ये (स्मृतीच्या कप्प्यात) अमुक आकडा लिही’ असे सांगितले की ती लिहिते. सांगणारा कोण, हे ती विचारत नाही. तारा पॅनेलच्या खोलीबाहेर जात नव्हत्या, तोवर या भोळेपणाने काही बिघडले नाही. पंपघरात सिमकार्डचा राउटर बसला तेव्हा कुंपण जागेवर राहिले आणि तार मात्र बाहेर पडली.

२००० साली दोन गोष्टी घडल्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मरूची भागात, काम सोडून गेलेल्या एका माणसाने रेडिओवरून सांडपाण्याच्या पंपांना चुकीचे आदेश दिले. सुमारे आठ लाख लिटर मैला नाल्यांत आणि बागांत गेला. कर्मचारी बराच काळ हा यंत्रणेतला दोष समजून पंप तपासत राहिले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला आपला माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि त्यात कलम ७० आले. पुढचा सगळा घोळ या कलमाभोवती आहे, म्हणून इथे थांबायला हवे.

मूळ कलमात सरकारने अधिसूचना काढून कोणताही संगणक, संगणक प्रणाली किंवा जाळे ‘संरक्षित प्रणाली’ म्हणून जाहीर करावे, एवढेच होते. कशाला करावे याची कसोटी नव्हती. अनधिकृत शिरकावाला मात्र दहा वर्षांपर्यंत कैद. कसोटी नसल्याचा परिणाम केरळमध्ये दिसला. तिथल्या सरकारने बिले आणि कर एका खिडकीत भरण्याच्या सॉफ्टवेअरला संरक्षित जाहीर केले. ते सॉफ्टवेअर करणाऱ्याने आपल्या हक्कासाठी उच्च न्यायालय गाठले आणि २००६ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. राष्ट्रीय सुविधांच्या रक्षणासाठी असलेले कलम पहिल्यांदा गाजले ते मालकी हक्काच्या भांडणात.

२००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, कसोटी दिली. जे संगणकीय साधन निकामी झाल्यास राष्ट्रीय सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता यांवर खिळखिळे करणारा परिणाम होईल, ती ‘क्रिटिकल इन्फर्मेशन इन्फ्रास्ट्रक्चर’. आपली वर्तमानपत्रे याचे भाषांतर ‘महत्त्वाच्या पायाभूत सुविधा’ असे करतात आणि तिथेच वाचक चकतो. धरण, जॅकवेल, पंप, पाइप या पायाभूत सुविधा आहेत. कायदा त्यांच्याबद्दल बोलत नाही. तो बोलतो त्यांना चालवणाऱ्या संगणकीय साधनाबद्दल, आणि तेही अधिसूचना निघाल्यानंतर. पंपाच्या पॅनेलमधली पीएलसी कायद्याच्या ‘संगणक’ या व्याख्येत बसते, कारण ती गणिती आणि तार्किक क्रिया करते व स्मृती ठेवते. पण व्याख्येत बसणे वेगळे आणि संरक्षित म्हणून जाहीर होणे वेगळे. जाहीर व्हायला कोणीतरी प्रस्ताव करावा लागतो, म्हणजे आपल्या ताब्यातले नेमके कोणते यंत्र पडले तर काय थांबते याची यादी आधी असावी लागते. बहुतेक ठिकाणी घोडे तिथेच अडते.

दुसरी अडचण प्रमाणाची. ‘खिळखिळे करणारा परिणाम’ कोणाला? २०१५ मध्ये आधारचा मध्यवर्ती साठा आणि २०२२ मध्ये काही मोठ्या खासगी बँकांच्या प्रणाली जाहीर झाल्या. त्यांचा देशव्यापी परिणाम कोणीही मान्य करील. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचे असलेले शहर आठवडाभर कोरडे राहिले तर तो ‘राष्ट्रीय’ परिणाम का? कलमातले ‘सार्वजनिक आरोग्य’ हे शब्द वाचले तर उत्तर ‘हो’ असेच यायला हवे. पण १६ जानेवारी २०१४ रोजी या कामासाठी नेमलेल्या केंद्रीय यंत्रणेच्या सुरुवातीच्या सहा क्षेत्रांत वीज, बँका, दूरसंचार, वाहतूक, शासन आणि सामरिक उपक्रम होते. पाण्याला स्वतंत्र खण नव्हता. अमेरिकेच्या सोळा क्षेत्रांत पाणी आणि सांडपाणी हे एक पूर्ण क्षेत्र आहे. चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय झालेल्या शहरातून पाहिले तर ही उणीव लहान वाटत नाही.

आणखी एक गुंता आपल्या भाषेचा आहे. हेल्मेट घाला, शॉकपासून जपा, हीही ‘सुरक्षा’ आणि चोर आत येऊ देऊ नका, हीही ‘सुरक्षा’. वीज खात्यात ‘प्रोटेक्शन’ म्हटले की रिले, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारे उपकरण. पहिले काम एका विभागाकडे, दुसरे वॉचमनच्या ठेकेदाराकडे, तिसरे टेस्टिंगवाल्यांकडे. संगणकाचे काम आयटीकडे गेले आणि आयटीने कधी पॅनेल उघडून पाहिले नाही. २०१७ मध्ये सौदी अरबस्तानातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात घुसखोरांनी नेमकी अपघात टाळणारी प्रणालीच लक्ष्य केली. त्या कंट्रोलरला बदल रोखणारी किल्ली होती. ती ‘प्रोग्रॅम’ स्थितीत राहून गेली होती. दोन्ही अर्थांच्या सुरक्षा तिथे एका किल्लीवर येऊन ठेपल्या.

२०१० नंतर घटना दाटीने येतात. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रात स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने युरेनियम शुद्ध करणाऱ्या सेंट्रीफ्यूजची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या १०६४ हर्ट्झवरून १४१० वर नेली, नंतर २ हर्ट्झपर्यंत खाली आणली, आणि पडद्यावर मात्र सारे ठीक दाखवले. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउस आपोआप सरकू लागला आणि वीज तोडणारे ब्रेकर एकामागून एक उघडत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. सबस्टेशनशी बोलणाऱ्या कन्व्हर्टरचे फर्मवेअर, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅमही, पुसले होते. तरी काही तासांत वीज आली, कारण माणसे गाड्या घेऊन सबस्टेशनवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले.

आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला वीज जाऊन मुंबई बंद पडली. पुढच्या मार्चमध्ये राज्य सरकारने १४ ट्रोजन (लपून शिरणारे घातक प्रोग्रॅम) आणि ८ जीबी संशयास्पद डेटाचा उल्लेख केला. केंद्राने ही मानवी चूक असल्याचे सांगितले. संगणकात घुसखोरी सापडणे आणि त्या घुसखोरीने ब्रेकर पडणे यांच्यामध्ये पुराव्याची एक साखळी लागते: कोणत्या सेकंदाला कोणत्या यंत्राने कोणता आदेश दिला. ती साखळी लोकांसमोर आली नाही. २०१२ च्या जुलैमधला उत्तर आणि पूर्व भारतातला मोठा अंधार हल्ल्याशिवाय झाला होता हे लक्षात ठेवले, तर दर वेळी ‘हल्ला’ म्हणण्याची घाई टळते.

आता पाण्याकडे. उजनी ते शहराजवळचे पाकणी ही पाइपलाइन कित्येक किलोमीटर लांब आहे. अशा कोणत्याही लांब लाइनवर पंप एकदम थांबला किंवा व्हॉल्व्ह झटकन मिटला तर दाबाची लाट उठते. स्टीलच्या पाइपात ती सेकंदाला साधारण एक किलोमीटर धावते, आणि पाण्याचा वेग सेकंदाला एका मीटरने एकदम तुटला तर दाबात जवळपास शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकी भर पडते. लाट परत येण्याच्या आत मिटलेला व्हॉल्व्ह ‘एकदम मिटला’ असाच धरतात. मधे टाकी नसलेल्या ५० किलोमीटरच्या टप्प्यात हा वेळ दीड मिनिटाहून अधिक भरतो. म्हणून व्हॉल्व्ह मिटायचा वेळ केवळ पीएलसीतल्या आकड्यावर सोडू नये. गिअरबॉक्सचा रेशोच असा घ्यावा की कोणी आकडा बदलला तरी व्हॉल्व्ह सावकाशच मिटेल. पाकणीच्या नाहीतर उजनीच्या पंपांची वीज काही तास गेली तरी रोटेशन दिवसभर मागे पडते, हे सोलापूरकरांना ठाऊक आहे. पाइप रिकामा झाला की हवा काढत पुन्हा भरावा लागतो. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये जाते, म्हणजे उपयुक्त साठा संपतो, आणि दुबार, तिबार पंपिंग सुरू होते, तेव्हा साखळीत आणखी पंप, आणखी तात्पुरती पॅनेले येतात. घाईत बसवलेल्या पॅनेलचा पासवर्ड बदलायचा राहतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत अलिक्विपा इथल्या बूस्टर स्टेशनची पीएलसी अशीच हाती लागली: इंटरनेटवर उघडी, कारखान्यातून आलेला पासवर्ड ११११.

टाकीच्या पातळीचे उदाहरण घ्या. सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअर पाठवतो: ४ म्हणजे रिकामी, २० म्हणजे भरलेली, पाच मीटरच्या टाकीत १२ म्हणजे अडीच मीटर. सुरुवात शून्यापासून ठेवत नाहीत, कारण तार तुटली तर शून्य यावे आणि कळावे. पण पीएलसीच्या आत मिलिअँपिअरवरून पातळी काढणारा स्केलिंगचा आकडा बदलला तर तार शाबूत, मिलिअँपिअर बरोबर आणि पडद्यावरची पातळी खोटी. हे पकडायला टाकीवरची पट्टी वाचून लॉगबुकात पडद्याचा आकडा शेजारी लिहायचा, प्रत्येक पाळीत एकदा. दहा सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला की मीटर लावून मिलिअँपिअर मोजायचे. खर्च काहीच नाही. त्याच्या जोडीला पीएलसीच्या प्रोग्रॅमची प्रत जाळ्याबाहेर, कपाटात, तारीख घालून. देखभालीसाठी ठेकेदाराने टाकलेले रिमोट सॉफ्टवेअर काम संपताच काढलेले. आणि ऑफिसचे जाळे व पंपघराचे जाळे यांच्यामध्ये फायरवॉल.

२८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे, यंत्रांच्या नोंदी (लॉग) १८० दिवस ठेवणे आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे एका वेळेशी जुळवणे बंधनकारक केले. तिन्हींत घड्याळाचा नियम सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा. पॅनेल चार मिनिटे मागे आणि राउटर सात मिनिटे पुढे असेल, तर मुंबईसारखा प्रश्न पुन्हा उभा राहिला की आदेश आधी आला की ट्रिप आधी, हे कोणालाच सांगता येणार नाही.

युक्रेनमध्ये जे हातांनी केले, त्याची सोय इथे अजून आहे. पंप जागेवरून चालवायचा की दुरून, हे ठरवणारा ‘लोकल-रिमोट’ सिलेक्टर लोकलवर फिरवला की, वायरिंग पीएलसीला वळसा घालून केलेले असेल तर, पंप बटणावर चालतो. काही पॅनेलांत सिलेक्टरची तारही पीएलसीतूनच नेलेली असते. तिथे लोकल हे नावापुरतेच. हे ड्रॉइंग पाहून कळत नाही, पीएलसीचा पुरवठा काढून पंप सुरू करून पाहावा लागतो. व्हॉल्व्हचेही तसेच. मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला हँडव्हील असते आणि ते गुंतवायला एक खटका. वर्षभर न हलवलेला खटका गंजून बसतो, आणि ऐन वेळी चावीवाला पाना घेऊन आला तरी चाक नुसतेच फिरत राहते. दर तीन महिन्यांनी ग्रीस लावायचे, खटका ओढायचा, चाक पूर्ण मिटेपर्यंत आणि पुन्हा पूर्ण उघडेपर्यंत हाताने फिरवायचे आणि किती फेरे लागले तो आकडा व्हॉल्व्हवरच रंगाने लिहायचा.