बेघर बायकांना उपचार नकोच असतात? अजिबात नाही

"त्या बायकांना उपचार नकोच असतात, फुकट दिले तरी येत नाहीत" हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते खोटं आहे. येणंच अवघड करून ठेवलंय. अपॉइंटमेंटचा फोन येणार पण मोबाईलला चार्जिंग नाही, रिपोर्ट पाठवायला पत्ता नाही, ओळखपत्र चोरीला गेलेलं, आणि बऱ्याचदा ओपीडीची वेळ नेमकी निवाऱ्यात जागा मिळवायच्या रांगेची, मग रात्री झोपायचं कुठे? सामान कोणाकडे ठेवायचं? गरोदर असेल तर बाळ काढून घेतील ही भीती वेगळीच. त्यात अनेकींनी अत्याचार सोसलेले असतात, अनोळखी माणसाने आतून तपासायचं म्हटलं की अंग आखडतं, आणि आपण डॉक्टर-नर्स केसपेपरवर 'सहकार्य करत नाही' लिहून मोकळे!

यातलं बरंच बदलता येतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या एचपीव्ही टेस्टचा (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीचा) नमुना बाई स्वतःच घेऊ शकते, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हा पर्याय आहे. गर्भनिरोधक इम्प्लांट (दंडाच्या कातडीखाली ठेवायची बारीक कांडी) एकदा बसवलं की निदान ३ वर्षं चालतं, रोज गोळ्या सांभाळायला नकोत (पण तिला हवं असेल तरच, गळ्यात मारायचं नाही). आणि दवाखान्याची टीमच निवाऱ्यात गेली, दर आठवड्याला तीच नर्स दिसली, की हळूहळू विश्वास बसतो आणि दुखणी सांगितली जातात.