पुण्याचा संघ दोनदा का गेला?

पुण्याला पुन्हा आयपीएलचा संघ मिळावा, ही इच्छा दर उन्हाळ्यात डोकं वर काढते. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: दोनदा मिळाला, दोन्हीदा टिकला नाही, मुंबईच्या सावलीतल्या शहराला हे झेपत नाही. मला हे पटत नाही. दोन्ही संघ गेले ते प्रेक्षक कमी पडले म्हणून नव्हे.

मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला. मोसमात ९४ सामने होणार असं धरून ही बोली लावली होती. २०११ मध्ये झाले ७४. सामने घटले तर संघासाठी क्रिकेट बोर्डाला द्यायची फीही घटवा, असं सहाराचं म्हणणं. बोर्डाशी तो वाद मिटलाच नाही आणि २०१३ मध्ये सहाराचा संघ, पुणे वॉरियर्स, संपला. मैदानावर ते कायम तळाशी राहिले, हेही खरंच.

आणि घर कुठे होतं? पहिल्या मोसमातले घरचे सामने नवी मुंबईत झाले. पुण्याचं जुनं क्रिकेट स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवरचं, भर शहरातलं. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं ते तिथेच. एप्रिल २०१२ मध्ये गहुंजेचं स्टेडियम उघडलं. मैदान देखणं, पण द्रुतगती मार्गालगत, शहरापासून लांब. रात्रीचा सामना संपल्यावर पोरंबाळं घेऊन कोथरूड-हडपसरला परतायचं म्हणजे दुसरा सामनाच.

दुसरा संघ, रायझिंग पुणे सुपर जायंट्स, तर मुळातच दोन वर्षांचा पाहुणा. चेन्नई आणि राजस्थान निलंबित झाल्याने गोएंका समूहाला २०१६ आणि २०१७ साठी पुणे मिळालं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं; उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. ते योग्यच होतं, पण पुण्याचं घर विशाखापट्टणमला गेलं. पुढच्या वर्षी कर्णधार स्टीव्ह स्मिथचा संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. समोर मुंबई, हव्या होत्या १३० धावा. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या, दोन निघाल्या, तिसरी घेताना धावबाद. एका धावेने हरलेला तो संघ पुन्हा खेळलाच नाही, कारण मुदत संपली होती.

फुटबॉलमध्येही असंच झालं. पुणे एफसी हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल स्पर्धेत, दुसरा आला, २०१५ नंतर उरला नाही. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादने घेतली. टिकली ती कबड्डी. पुणेरी पलटण २०१४ पासून आहे आणि मार्च २०२४ मध्ये तिने प्रो कबड्डी जिंकली. फ्रँचायझी यायच्या कितीतरी आधीपासून इथे गल्लोगल्ली मंडळांचे संघ खेळत होते, म्हणून मला त्याचं नवल वाटत नाही.

प्रेक्षकांचं म्हणाल, तर २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्याच्या वादामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंजेत आले. चेन्नईहून खास रेल्वेने चाहते आले, पुणेकरही पिवळे शर्ट घालून गेले. २०२१ मध्ये दोन नवे संघ विकले गेले, तेव्हा लखनौसाठी ७,०९० कोटी मोजले ते त्याच गोएंका समूहाने. ‘सुपर जायंट्स’ हे पुण्यात रुळलेलं नावही लखनौला गेलं.